बानूच्या डोक्यावरची पाटी

पळसदेवजवळची वस्ती
११ मार्च २०२५

उत्कर्षा,

वर आशीर्वाद लिहायचा असतो. आज हात धजत नाही. काठजाई तुझं भलं करो एवढं लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय कागद पुढं न्यायची मला सवय नाही.

फोन का केला नाही म्हणशील. आपल्या घरी फोन वाजला की तुझी आज्जी जवळ येऊन बसते, आणि मला जे बोलायचंय ते तिच्या कानावर जाता कामा नये. बिरदेव भाजीची पिकअप घेऊन बारामतीच्या मार्केट यार्डात येतो, त्याच्याकडे हे पत्र देते. कागद गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे, पाठकोरा. या कामाला नवा कागद लावावा असं मला वाटलं नाही.

काल गिरणीत दळण घेऊन उभी होते. पुढं रामहरीभावजींची ठमाबाई. वळून मला म्हणाली, "अनिताताई, राग नगा धरू, पर देवीचा खरा मुखवटा कुठल्या सोनाराला इकला? इंदापूरच्या का बारामतीच्या?" गिरणीतल्या सगळ्या बायका एकदम आपापल्या पिठाकडं बघायला लागल्या. मला काही कळेना. मग तिनंच फोन काढून व्हिडिओ दाखवला. वस्तीच्या ग्रुपवर आलंय, म्हणाली.

तुम्ही चार-पाच पोरंपोरी टेबलाभोवती बसलेली, मधे कागद आणि फासे. आणि तू, माझ्या दिराची लेक, रडवेल्या आवाजात सांगतेस की मी बानू, काठजाईच्या वाडीची सून. धरणाचं पाणी चढलं त्या दिवशी देवीचा मुखवटा पाटीत घालून मी पळवला आणि सोनाराला विकला. देवळात आहे तो खोटा.

बानू! बनाबाईला अख्खी वस्ती बानूवहिनी म्हणते हे तुला ठाऊक नव्हतं? ती तुझी सख्खी आज्जी आहे.

खरं काय ते तुला लहानपणापासून पाठ आहे, तरी लिहिते. जुनी वाडी उजनीच्या पाण्यात जायच्या वेळी दोन तट पडले होते. देवी कुणी कुठं न्यायची यावरून काठ्या निघाल्या. तेव्हा तुझी आज्जी नवी सून होती. तिच्या सासऱ्यांनी मुखवटा पाटीत ठेवला, वर ज्वारीची कणसं रचली आणि पाटी तिच्या डोक्यावर दिली, कारण नव्या नवरीची पाटी कोण तपासतो? ती चालत वर माळावर आली. पाटी उतरवली तिथंच आजचं देऊळ आहे. म्हणून चैत्री पुनवेच्या यात्रेत देवीची पहिली ओटी ती भरते. या घराला दुसरा कसला मान नाही. तिला तर नाहीच.

आता ऐक. पाडव्याला पंचांग वाचून झालं की देवळात यात्रेची बैठक बसते. यंदा पहिली ओटी कुणी भरायची ते बैठकीत ठरवू, असं रामहरीभावजी सांगत फिरतायत. तो मान त्यांना आपल्या घरात हवा आहे हे आजचं नाही. इतकी वर्षं त्यांच्याकडं कारण नव्हतं. ते तू दिलंस.

हे तुला कुणी सांगितलं? तेवढं नाव लिहून पाठव.

अनिताकाकी


बारामती
१५ मार्च

काकी,

नाव लिही म्हणालीस, लिहिते. उत्कर्षा. दुसरं कुणी नाही. मला कुणी काही सांगितलेलं नाही, मुखवटा विकल्याचं मी माझ्या मनानं रचलं.

तू चिडली आहेस, तरी खेळ काय आहे ते एकदा समजून घे. यात प्रत्येकानं एक माणूस रचायचा आणि तासन्‌तास त्या माणसासारखं बोलायचं, वागायचं. तो माणूस एखादी गोष्ट करू शकला की नाही, ते फाशावर ठरतं. आमच्यात खेळ चालवतो तो दीपक. तो सुरुवातीला प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो. तुझा माणूस कुठला? त्याला काय हवंय? तो काय लपवतो? आणि ही सगळी माणसं ज्या मुलखात राहतात तो मुलूख रचायचं काम माझ्याकडं असतं.

आजवर आम्ही बर्फाचे डोंगर आणि गढ्या रचून खेळायचो. आमच्यातल्या एकानंही बर्फ पाहिलेला नाही, फ्रीजमधला सोडून. मी म्हटलं, आपल्याकडं आख्खं गाव पाण्याखाली आहे, त्याचं जग करू. नदी, घाट, देऊळ, कोण कुठं राहायचं, सगळं मांडलं. सगळ्यांना इतकं आवडलं काकी, की मला रडू आलं होतं. मग त्या गावची एक बाई मी माझ्यासाठी केली. कुठली, तर वाडीची. काय हवंय ते नंतर सांगते म्हटलं. काय लपवते याला मात्र उत्तर लागतंच, कारण लपवण्यासारखं काही नसलं की तो माणूस खेळात नुसता बसून राहतो. आज्जीची पाटी डोळ्यांपुढं होती. दहा मिनिटांत सुचलं.

नाव बदलायला हवं होतं. देवीचंही आणि तिचंही. ती चूक माझी, आणि मला तिची लाज वाटते. पण राग मलाही आलाय. रामहरीकाका दर यात्रेत राक्षसाचं सोंग घेऊन नाचतात, तेव्हा त्यांना कुणी धरून चौकीवर नेतं का? मी फासे टाकून बोलले ते मात्र लगेच खरं?

दीपक आमचे खेळ नेटवर टाकतो, त्याला आजच तो व्हिडिओ काढून टाकायला सांगते. विषय संपेल.

उत्कर्षा


वस्ती
१९ मार्च

उत्कर्षा,

विषय संपेल म्हणालीस. तू व्हिडिओ काढून टाकलास आणि आमच्या पायाखालची जमीनच काढून घेतलीस. रामहरीभावजी आता देवळाच्या कट्ट्यावर बसून एकच वाक्य बोलतात, "खोटं व्हतं तर काढलं कशापायी?" काय उत्तर देऊ सांग. त्यांच्या फोनमध्ये तो आहेच. फक्त तुझ्याकडचा गेला.

सोंगाचं लिहिलंस. सोंग घेणारा माणूस तोंडाला रंग लावतो. राक्षस कुठल्या गावचा, कुणाची सून, हे सांगत नाही. तू गाव आमचं घेतलंस, देवी आमची घेतलीस, घाटाच्या पायऱ्यासुद्धा बरोबर मांडल्यास, आणि पाप तेवढं आपल्या पदरचं घातलंस. मी मॅट्रिकच झालेय, पण घरचा जमाखर्च मी लिहिते आणि मला एवढं कळतं की नव्व्याण्णव आकडे खरे असले की शंभरावा कुणी तपासून बघत नाही.

तुझ्या आज्जीला कळलंच. लपवणार किती? शेंगा फोडायला बायका आल्या होत्या, त्यातली एक बोलून गेली. आज्जी मला म्हणाली, मला ऐकव. मी नको म्हटलं. तर तिनं पदर सारखा केला आणि स्वतः उठून रामहरीभावजींच्या दारात गेली. त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच ओट्यावर बसून सगळं ऐकलं. भावजी आत जाऊन बसले, म्हणतात. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "ही रडतीया कशापायी?" आणि घरी आली.

दरवर्षी ती पाडव्याच्या आधी चिंच भिजत घालते, मुखवटा घासायला. यंदा चिंच डब्यातच आहे. मी काढून पुढं ठेवली तर तिनं परत डब्यात टाकली. कुणी म्हणायला नको, म्हणाली, की खुणा पुसल्या.

पाडव्याला तू इथं यायचंस. देवळात सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचंस की हे मी रचलं. तुझ्या आईवडलांना यात ओढायचं नाही. जिनं सांडलं तिनं पुसायचं.

काकी


बारामती
२३ मार्च

काकी,

येऊन काय सांगू? जे खरं होतं ते तुला लिहिलं, ते तुलाच पुरलं नाही. काका म्हणतील, पोरीला घरच्यांनी पढवून आणलं. मी जेवढं नाही म्हणेन तेवढं ते पक्कं होईल. व्हिडिओ काढल्यावर तेच झालं ना?

आणि रचायला मला कुणी शिकवलं? आम्ही सगळी भावंडं सुट्टीत यायचो तेव्हा कणीक मळता मळता तू सांगायचीस, पाणी शांत असलं की बुडलेल्या देवळातली घंटा वाजते. मी काठावर जाऊन कान लावून बसायचे. पुढं मोठी झाल्यावर आज्जीला विचारलं तर म्हणाली, घंटा तर आधीच काढून वर आणली होती. मग तू सांगत होतीस ते काय होतं? तुझं रचलेलं गोष्ट आणि माझं रचलेलं पाप?

माझी परीक्षा तोंडावर आहे. मी येणार नाही.

उत्कर्षा


वस्ती
२६ मार्च

घंटेनं कुणाची ओटी काढून घेतली नाही.

येऊ नकोस. मी बैठकीला जाणार नाही, आज्जीही जाणार नाही. माझ्यावरची पंचायत मी बघाया जायची व्हय, म्हणाली. आम्ही दोघी घरी बसून पुरणपोळी करू आणि निकाल काय लागला ते कुणीतरी येऊन सांगेल.


बारामती
१ एप्रिल

काकी,

बिरदेवनं तुला सांगितलं असेलच की पाडव्याला मी त्याच्या गाडीतून आले आणि त्याच गाडीतून परत गेले. सांगायचं नाही अशी मी त्याला शपथ घातली होती, पण तो कसली शपथ पाळतोय. बैठकीत काय झालं ते तू चार तोंडांनी ऐकलं असशील, एकदा माझ्याकडून ऐक.

मी पोचले तेव्हा पंचांग वाचून झालं होतं. पुरुष सतरंजीवर, बायका पायऱ्यांवर. सगळ्यांच्या मधे, पंचांगाशेजारी, नेहमीसारखे निकाल द्यायला दत्तोबातात्या. रामहरीकाका उभे राहून बोलत होते. मला बघून थांबले आणि म्हणाले, "आली बगा. इचारा तिलाच."

मी सांगितलं की हे मी रचलेलं आहे, आज्जीचा यात काही संबंध नाही. काका म्हणाले, "पोरी, तुझ्याच तोंडानं ऐकलंय आमी. आता न्हाय म्हणून कसं चालंल? इस्तवाबिगर धूर न्हाय निघत." माना हलल्या. अगदी मी म्हटलं होतं तसंच. मला इतका राग आला की कानात आवाज यायला लागला. मी तात्यांना म्हटलं, मी कसं रचते ते दाखवू का? रामहरीकाका, तुम्हीच एक माणूस रचा.

काका नको म्हणत होते. तात्या म्हणाले, "रच की रं. यात्रंत राक्षस हुतूस तवा लाजतूस का?" सगळे हसले आणि काकांना उभारी आली. तू त्यांना सोंगात पाहिलं आहेस. चार माणसं हसली की त्यांना थांबवत नाही.

मी विचारलं, तुमचा माणूस कुठला? म्हणाले, कळंबचा. पैलवान गडी, पर बायकूला भितो. बायका हसल्या. त्याला काय हवंय? म्हणाले, पाणी, हिरीचं पाणी उसाच्या शेवटच्या सरीपतोर. मग मी विचारलं, आणि तो लपवतो काय?

काकांनी जरा डोकं खाजवलं. मग मिशीवर हात फिरवून म्हणाले, "दर पावसाळ्याला बांध इतभर शेजाऱ्याच्या अंगाला सारतो. वर जुनाच दगूड ठिवतो, म्हंजी कुणाला कळत न्हाय." आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

हसता हसता एकटेच राहिले. त्यांच्या बांधाला बांध असलेले कुंडलिककाका सतरंजीवरून उठले आणि शांतपणे म्हणाले, "कुठला दगूड, रामहरी?"

काका म्हणाले, आरं मी सोंग करत हुतो, कळंबच्या गड्याचं. मी म्हटलं, "बानूचंपण सोंगच होतं, काका."

मग तात्यांनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, ओटी दरसालपरमानं बानूवहिनीची. झालं.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण कुंडलिककाका प्रसाद न घेता तडक रानाकडं गेले. त्यांच्यामागं काका. त्यांच्यामागं ठमाकाकू, अनवाणी. मी बिरदेवला म्हटलं, चल. घरावरून गाडी गेली तेव्हा पुरणाचा वास आला. उतरायची हिंमत झाली नाही.

आज्जीला काय सांगू ते मला माहीत नाही. तू सांग.

उत्कर्षा


वस्ती
१६ एप्रिल

चि. उत्कर्षा,

चिरंजीव लिहिलंय, राग गेला असं समजू नकोस. उलट त्यात भर पडली आहे.

पाडव्याच्या दिवशी लेक दारावरून उपाशी जाते? तुझ्या वाटणीची पोळी मी झाकून ठेवली होती, येणार नाहीस म्हणालीस तरी. ती दुसऱ्या दिवशी आम्ही खाल्ली. टाकून देणाऱ्यातली मी नाही.

आता तुझ्या पराक्रमाचं. कुंडलिकभाऊंनी जमिनीच्या मोजणीला अर्ज केलाय. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या रानातून बैल नेणारी दोन घरं आज पाणी सोडायच्या वेळेवरून शिव्या देतात. बांध सरला होता का? मला ठाऊक नाही, तुला नाही, कुंडलिकभाऊंनाही नाही. भावजींच्या तोंडून गमतीत निघालं असेल, नाहीतर मनात होतं ते निघालं असेल. आता ते कधीच कळायचं नाही, आणि मोजणीत काही निघालं नाही तरी लोक म्हणणार, मोजणाऱ्याला चहा पाजला असंल. तुझ्या आज्जीवर जे आलं तेच तू उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलंस. आग विझवायला म्हणून आलीस, आणि तुझ्या हातात घागर नव्हती, दुसरी काडी होती. भावजींचं मला काही वाटत नाही. पण गिरणीत आता ठमाबाई मान खाली घालून उभी असते, आणि बायका पिठाकडं बघतात.

यात्रा झाली. मुखवटा आज्जीनं घासला, चिंचेनं, देवळाच्या पायरीवर सगळ्यांदेखत बसून. ओटीच्या वेळी मंडपात दाटी होती. ठमाबाई आपलं ताट घेऊन पार मागं, तिला कुणी वाट देईना. आज्जीनं मागं वळून हाक मारली, "ठमे, म्होरं ये. ताट धर माझं, मला वाकवत न्हाय." आज्जी अजून वाकून अख्खं अंगण सारवते, हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. ठमाबाई आली. दोघींनी मिळून ओटी भरली.

आता जे लिहितेय ते लिहायला तिनं सांगितलं म्हणून लिहिते.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी लिंबाखाली तांदूळ निवडत होतो. मी तुझ्या खेळाबद्दल सांगितलं, तुझ्या पत्रात होतं तसं. कुठली, काय हवंय, काय लपवते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चोरी केली आन्‌ वर रडती. मी चोरला असता तर डोळा वल्ला केला नसता." तांदळातला खडा बाजूला टाकून विचारलं, "आन्‌ त्या बयेला पायजे काय व्हतं?"

मी म्हटलं, ते उत्कर्षानं नंतर सांगते म्हणून सोडून दिलंय.

"मला इचारायचं की मग," म्हणाली.

उत्कर्षा, या घरात मला तीस वर्षं होत आली. पाटीची गोष्ट मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल. दर वेळी पाटी, कणसं, काठ्या, माळ. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा मधलं सांगितलं. सासरी तिला खूप जाच होता. गाव उठायच्या गडबडीत कुणाचं कुणाकडं लक्ष नव्हतं, तेव्हा तिनं ठरवलं होतं की आज निघायचं. निरवांगीला, आपल्या आईकडं, कायमचं. लुगड्याचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. तेवढ्यात सासऱ्यांनी तिला हाक मारून पाटी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, चाल. वर पोचेपर्यंत मागं बघू नको.

"देवी डोस्क्यावर व्हती," ती मला म्हणाली. "घिऊन कुठं पळू? माळावर आले तर सगळ्यांनी पाया पडायला सुरवात केली. मंग ऱ्हायले."

गाठोडं जुन्या घरातच राहिलं. ते पाण्याखाली आहे.

मी देवीची माणूस. इतकी वर्षं मी तिच्या ओटीकडं बघून हात जोडले आणि ती पाटी तिला किती जड झाली होती हे माझ्या कधी मनात आलं नाही. तुझा मला राग आहेच, पण तुझ्या खेळातल्या त्या मधल्या प्रश्नाचा मला जास्त राग आला. तो विचारायला आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, हे पोरीला कळवायला नको, ती लगेच लिहायला बसेल. तर म्हणाली, बसू दे. तिनं सांगितलंय ते तिच्या शब्दांत लिहिते, माझं काही घालत नाही.

"त्या बानूचं नाव बदल म्हणावं. गावाचं बी बदल. चोरीबिरी काय नगं. पुन्हा खेळाया बसशीला तवा आदी तिच्या डोस्क्यावरची पाटी उतरव, आन्‌ तिला आईकडं जाऊ दे."

फासा काय पडायचा तो पडू दे, उत्कर्षा. तेवढी तिला पोचव.

परीक्षा झाली की ये. या खेपेला दारावरून गेलीस तर बघ.

अनिताकाकी